दुर्गाबाईंची वाजणारी खिरापत

मागच्या वर्षी ५ ऑक्टोबरला, शनिवारी दुपारी एक वाजून अडतीस मिनिटांनी, आमच्या शाळेच्या सभागृहात एक स्टीलचा डबा वाजला आणि तो जर्मनीत ऐकू गेला. मिनिटासकट सांगतो आहे, कारण त्या वेळी माझी नजर घड्याळावरच होती. दोन मिनिटं उरली होती आणि डब्यात काय आहे ते कुणालाच ओळखता येत नव्हतं. दाराशी पदर खोचून उभ्या असलेल्या दुर्गाबाईंचा चेहरा मात्र परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा फुलला होता.

दुर्गाबाई आमच्या शाळेत एकवीस वर्षांपासून आया आहेत. अमरावतीत राजापेठेच्या थोडं पुढे आमची इंग्रजी माध्यमाची शाळा आहे. मी तिथे मुख्य लिपिक. पोरं दुर्गाबाईंना मावशी म्हणतात, त्या मला बडेबाबू म्हणतात. त्यांचा जन्म हिवरखेडचा. वडील दुसऱ्यांच्या वावरात राबायचे. सोळाव्या वर्षी लग्न होऊन त्या दर्यापूरला आल्या. यजमान नत्थुजी दर्यापूर-अमरावती काळीपिवळी जीप चालवायचे. पुढे त्यांना दिसायला कमी येऊ लागलं, जीप सुटली आणि कुटुंब अमरावतीला आलं. मुलगा श्याम मोबाइलच्या दुकानात लागला. त्याची मुलगी खुशी.

खुशी आमच्याच शाळेत, तेव्हा पाचवीत होती. सरकारी नियमाप्रमाणे पंचवीस टक्के जागा गरीब घरच्या मुलांना द्याव्या लागतात, त्या सोडतीत तिचा नंबर लागला. दुर्गाबाईंनी तिला पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं की घरी आजी, शाळेत मावशी. इतर मुली मावशी म्हणतात तसंच तूही म्हणायचं. खुशी चार वर्षं तसंच म्हणत आली. एका घरातून निघून दोघी एकाच फाटकातून आत यायच्या आणि आत आल्या की जणू ओळखच नाही.

म्युनिक शहरात आपल्याकडच्या लोकांनी मुलांसाठी शनिवारची मराठी शाळा चालवली आहे. आमच्या मुख्याध्यापिका रागिणी मॅडमनी त्यांच्याशी पत्रव्यवहार करून ठरवलं की इकडच्या मुली तिकडच्या मुलांबरोबर व्हिडिओ कॉलवर भुलाबाई खेळतील. भुलाबाई हा आमच्या वऱ्हाडातला मुलींचा सण. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मातीची भुलाबाई, म्हणजे पार्वती, घरात बसवतात. गल्लीतल्या मुली रोज घरोघरी जातात, गाणी म्हणतात आणि गाणी संपली की त्या घरची खिरापत ओळखतात. खिरापत म्हणजे त्या घरानं झाकून ठेवलेला खाऊ. ओळखला तर जिंकल्या, नाही ओळखला तर घरवालीचा मान.

रागिणी मॅडम कामाला वाघ. इंग्रजी अस्खलित, मराठी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. त्यांनी लगेच बारा मुली निवडल्या, पालकांकडे फॉर्म पाठवले. फॉर्म मीच टाइप केला: मुलीचं नाव, वर्ग, पोशाखाचा रंग, खिरापतीचं नाव. आठ दिवसांत बाराही फॉर्म परत आले. कपकेक, ब्राउनी, डोनट, चीज पास्ता, मोमो, असं सगळं.

अडचण पहिल्या सरावालाच आली. बारापैकी एकीलाही गाणं येत नव्हतं. घरी भुलाबाई बसतच नव्हती तर येणार कुठून? मग कुणीतरी सांगितलं की खुशीला सगळी येतात. तिला बोलावलं. ती वर्गाच्या दारात उभी राहून एकामागून एक अशी सात गाणी म्हणाली, न अडखळता. मॅडम खूश झाल्या. तेराव्या मुलीचं नाव यादीत चढलं. त्यापुढे मॅडमनी स्वतःच्या हातानं लिहिलं: गायन. आणि खिरापतीच्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली.

ती रेघ वाईट हेतूनं ओढलेली नव्हती, हे मी शपथेवर सांगीन. गरीब घरावर खर्चाचा भार नको, एवढाच त्यांचा विचार. पण खुशीनं घरी जाऊन सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गाबाई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"बडेबाबू, माही पोरगी सगळ्यायच्या खिरापतीले गाणं म्हनन, अन् तिची खिरापत नाई. मंग ते काय लग्नातले वाजंत्री हाय का?"

मी समजावायला लागलो की चाळीस मिनिटांचाच कार्यक्रम आहे, बारा खिरापती धरल्या आहेत. त्यांनी ऐकून घेतलं. मग सांगितलं की त्यांच्या गावी नेम होता. जिनं गाणं म्हटलं तिच्या घरी जायचंच, मग ते घर पाटलाचं असो की सालदाराचं. फक्त एका वर्षी, बहात्तरच्या दुष्काळात, आळीतल्या मोठ्या मुलींनी ठरवलं की यंदा दुर्गीच्या घरी जायला नको, तिच्या घरी आहे काय. आठ वर्षांची दुर्गी रडत घरी गेली. तिच्या आईनं सगळ्या मुलींना स्वतः जाऊन बोलावून आणलं. त्या दिवशी काय झालं ते दुर्गाबाईंनी मला सांगितलं नाही. म्हणाल्या, आता नाही, मग सांगीन. जाता जाता टेबलावरचा फॉर्म त्यांना दिसला. वाचता येत नाही म्हणून विचारलं, कशाचे रकाने आहेत. मी वाचून दाखवले. त्यांनी कपाळाला हात लावला.

"खिरापतीचं नाव लिहून घेतलं? मंग ओळखायचं काय बाप्पा?"

तीस वर्षं फॉर्म करतो आहे. बारा पालकांनी भरला, मुख्याध्यापिकांनी मंजूर केला, आणि गुपित ठेवायची गोष्ट आधी लिहून मागायची नसते हे आम्हा कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. यादी मुलींच्या हाती पडली होती. कुणाच्या डब्यात काय आहे ते साऱ्या पाचवीला पाठ होतं.

पण खरी फजिती २८ सप्टेंबरच्या चाचणीत झाली. आमचे संगणकाचे सर स्वप्निल तायडे यांनी कॉल जोडला. पडद्यावर म्युनिकची पंधरा-वीस मुलं आणि त्यांच्या ताई. आमच्या पहिल्या मुलीनं झाकलेला डबा कॅमेऱ्यासमोर धरला. आता तिकडची मुलं ओळखणार कशी? वास जात नाही, झाकण उघडायचं नाही. ताई म्हणाल्या, हलवून तर बघ. तिनं हलवला. कपकेक हलला असेल नसेल, आवाज काही आला नाही. दुसऱ्या डब्यात ब्राउनी होती, ती एकदा धप्प झाली आणि गप्प बसली. पास्त्याचा डबा तर मुकाच. पलीकडून एका मुलानं अतिशय नम्रपणे विचारलं की तुमचे डबे रिकामे आहेत का? रागिणी मॅडमनी कॉल बंद करायला सांगितला.

ऑफिसात बैठक बसली. कुणी म्हणालं चित्र दाखवू, कुणी म्हणालं इंग्रजीत कोडं घालू. चहाचे कप उचलायला आलेल्या दुर्गाबाई ट्रे धरून तशाच थांबल्या.

"मॅडम, उपाय मले मालूम हाय. पन आधी माह्या नातीचा डबा यादीत लागन."

"माह्या नातीचा" हे शब्द त्यांनी शाळेत पहिल्यांदाच उच्चारले होते. मॅडमनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मला म्हणाल्या, "लिहा. तेरावी खिरापत, खुशी." मी रेघ खोडली.

मग दुर्गाबाईंनी कप खाली ठेवून सांगितलं. त्यांच्या लहानपणी खिरापत वाजवूनच ओळखायची असे. डबा कानाशी धरून हलवायचा. फुटाणे वेगळे वाजतात, मुरमुरे वेगळे, शेंगा वेगळ्या. खारीक एकटी असली तर एक बोल, चार असल्या तर दुसरा. ओल्या, मऊ जिनसा कोजागरीला चांदण्यात बसून खायच्या, खेळाला कोरडंच लागतं. बोलता बोलता त्यांनी माझ्या टेबलावरची टाचण्यांची डबी उचलून हलवली, मग स्टॅपलरच्या पिनांची, मग खडूची. आम्ही सगळे मोठी माणसं डोळे मिटून ओळखत बसलो. पंधरा मिनिटं ऑफिसचं काम बंद. रागिणी मॅडमनी तीनही बरोबर ओळखल्या. तेव्हा मला त्याचं विशेष काही वाटलं नाही.

नवीन निरोप पालकांना गेला: कोरडं आणा, नाव लिहू नका. घराघरांत धावपळ उडाली असणार. आजीला फोन, गावाकडे फोन. आमच्या फाटकाशी गाडी थांबवून एका आईनं दुर्गाबाईंना बाजूला घेऊन विचारलं की ज्वारीच्या लाह्या कुठं मिळतात. मुलगी शाळेत आल्यापासून त्या बाई दुर्गाबाईंशी पहिल्यांदा बोलत होत्या.

तरी एक भानगड उरली होती. फुटाण्याचा डबा इथे खणखणीत वाजे, म्युनिकला काहीच पोचत नसे. तायडे सरांनी शोधून काढलं की कॉलचं ते ॲप माणसाचा आवाज तेवढा ठेवतं, बाकी खडखडाट कचरा समजून गाळून टाकतं. त्यांनी ती गाळणी बंद केली आणि पलीकडे मुलं ओरडली. त्या संध्याकाळी सर मला सांगत होते की त्यांचं घर बौद्ध, त्यांच्याकडे भुलाबाई बसत नव्हती, पण लहानपणी दर्यापूरला भिंतीपलीकडून डब्याचा आवाज रोज यायचा. ते आणि त्यांची आई चुलीजवळ बसून अंदाज करायचे. बरोबर होता की चूक, ते कधी कळलं नाही.

५ ऑक्टोबरला दुपारी एक वाजता कार्यक्रम सुरू झाला. तिकडे सकाळचे साडेनऊ. म्युनिकच्या ताईंनी आधीच सांगितलं होतं की त्यांचं सभागृह दहा वाजून दहा मिनिटांनी रिकामं करावंच लागतं, त्यानंतर दुसरा वर्ग असतो आणि तिथे मिनिटभरही सवलत नाही. म्हणजे आमच्याकडे एक चाळीस. वेळ पाहण्याचं काम माझ्याकडे.

ज्वारीचे पाच धांडे, म्हणजे ताटं, उभे करून मखर केलं होतं, त्यात भुलाबाई. मुलींनी फेर धरला. खुशीनं आवाज लावला आणि बारा मुली तिच्यामागून म्हणू लागल्या. म्युनिकची मुलं आधी नुसती बघत होती, तिसऱ्या गाण्याला तीही टाळ्या धरायला लागली. मग डबे निघाले. फुटाणे तर त्यांनी दुसऱ्याच फटक्यात ओळखले. शेंगा ओळखायला तीन मिनिटं लागली. लाह्यांना सगळे फसले, आवाज इतका हलका की एक मुलगी म्हणाली डब्यात पाऊस आहे. प्रत्येक डब्याला इकडे आरडाओरडा, तिकडे आरडाओरडा. खारकेला एका मुलानं जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं, ताईंनी मराठी केलं, ते बरोबर निघालं आणि बघायला बसलेला आमचा अख्खा चौथीचा वर्ग बाकावर उभा राहिला. मी घड्याळ बघून ओरडत होतो, पण कुणी ऐकेल तर शपथ.

बारावा डबा एक तेहतीसला उघडला. सात मिनिटं शिल्लक. खुशी डबा घेऊन पुढे आली, साधा स्टीलचा, झाकणाला दोरी बांधलेला. आणि वीज गेली.

पडदा काळा. सभागृहात एकदम कल्ला. इन्व्हर्टर सुरू झाला, संगणक उठायला लागला, पडद्यावर चक्र फिरत राहिलं. एक पस्तीस. रागिणी मॅडम माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या की आता आभार मानून संपवावं लागेल. मी दाराकडे पाहिलं. दुर्गाबाई हलल्या नव्हत्या. खुशी दोन्ही हातांनी डबा पोटाशी धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती, कारण घड्याळ माझ्या हातात होतं. मी म्हणालो, "मॅडम, पाच मिनिटं आहेत."

कॉल जोडला गेला. एक छत्तीस. खुशीनं डबा हलवला. पलीकडे सगळी मुलं पुढे वाकलेली, आणि ताई हातानं खुणा करताहेत की काहीच ऐकू येत नाही. तायडे सर चमकले. संगणक नव्यानं सुरू झाल्यामुळे ती गाळणी पुन्हा चालू झाली होती. सरांनी घाईघाईनं ती पुन्हा बंद केली. एक सदतीस. "हं, वाजव आता," ते म्हणाले.

एक अडतीसला तो डबा म्युनिकला वाजला. आवाज टणक होता, पण खड्याचा नाही. सुका, गोल आणि जरा खोल. म्युनिकहून पहिला अंदाज आला, बदाम. नाही. हरभरे, नाही. कवडी, नाही. एका लहान मुलानं लेगोचे ठोकळे सांगितले आणि दोन्ही देश हसले. आमच्या मुलींनी खडीसाखर सांगितली. तायडे सर संगणकामागून पुटपुटले, सुपारी. नाही. खुशीचे गाल लाल झाले होते. ती प्रत्येक नकाराला डबा पुन्हा वाजवायची आणि दर वेळी अधिक जोरात. एक एकोणचाळीस. नेमाप्रमाणे तिनं मोजायला सुरुवात केली. तीन म्हटलं की फेर हरला.

"एक," खुशी म्हणाली. "दोन..."

"चिंचोके व! भाजले चिंचोके हायेत ते!"

सगळ्या माना फिरल्या. बोलल्या होत्या रागिणी मॅडम. माइकपासून दोन हातांवर उभ्या राहून, ज्या बोलीत त्यांना कुणी कधी ऐकलं नव्हतं त्या बोलीत. त्यांचा हात तोंडावर गेला. मुलींना हसावं की नाही कळेना. खुशीनं दोरी सोडली, झाकण काढलं, डबा कॅमेऱ्यासमोर तिरपा केला. आत काळेभोर, चकचकीत, भाजलेले चिंचोके.

मग जो गलका झाला त्याचं वर्णन मला जमणार नाही. म्युनिकच्या ताई टाळ्या वाजवत विचारत होत्या, हे कुणी भाजले? खुशीनं जराही विचार न करता दाराकडे बोट केलं आणि माइकमध्ये सांगितलं, "माझ्या आजीनं. ती बघा, मावशी." तेवढ्यात एका मुलीनं हरकत काढली की मॅडम तर फेरात नव्हत्या, मग त्यांचं धरायचं का? निकाल दारातून आला.

"धरा. हिवरखेडचं मानूस हाय, ओळखनच."

एक चाळीसला पडद्यावरून म्युनिक गेलं.

नंतर दुर्गाबाईंनी राहिलेली गोष्ट मला सांगितली. बहात्तरच्या त्या दिवशी त्यांच्या आईनं गाडग्यात भाजलेले चिंचोके घालून वाजवले होते. आळीतल्या एकाही मुलीला ओळखता आले नाहीत, कारण तोवर ते खिरापतीत कुणी ठेवतच नसे. मान दुर्गीचा झाला. सगळ्या मुली दोन-दोन चिंचोके गालात धरून घरी गेल्या आणि पुढच्या वर्षी तिचं घर कुणी चुकवलं नाही. खुशीसाठी त्यांनी वर्षभराच्या चिंचेतून चिंचोके राखून ठेवले होते. अंधुक दिसत असूनही नत्थुजींनी बोटांनी चाचपून एकसारखे निवडले, आणि दुर्गाबाईंनी ते वाळूत भाजले.

मी विचारलं, मॅडम हिवरखेडच्या हे तुम्हाला केव्हापासून माहीत? म्हणाल्या, पहिल्या दिवसापासून. आमच्या गावच्या पंजाबरावांच्या लेकीला मी ओळखणार नाही का? मग बोलल्या का नाहीत? "तिनं नाई काढलं, मंग म्या काहून काढू?"

मॅडम आम्हा सगळ्यांना अकोल्याच्या म्हणून सांगत आल्या होत्या. ते खोटं नव्हतं, जिल्हा अकोलाच. जन्मगाव हिवरखेड हे त्यांच्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे आणि ते पुस्तक माझ्या कपाटात असतं. पण सेवापुस्तकातली गोष्ट बाहेर सांगायची नसते. कार्यक्रमानंतर त्या ऑफिसात आल्या, समोर बसल्या आणि अर्धा तास पत्रांवर सह्या केल्या. एका गालात चिंचोका होता. तो काही केल्या विरघळत नाही, बोलता येत नाही आणि थुंकवतही नाही. शेवटची सही झाल्यावर त्यांनी माझ्या कपाटाकडे पाहिलं, ठाऊक होतं अशी मी मान डोलावली. त्या हसल्या. त्यानंतर दुर्गाबाईंशी त्या वऱ्हाडीत बोलतात, पण दार लावून.

सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. यंदाच्या फॉर्ममध्ये मी खिरापतीचा रकानाच ठेवला नाही, आणि सोडतीतून आलेल्या सगळ्या मुलींची नावं घेतली. मुली एकोणीस झाल्या. पण वाजणारी खिरापत लागते हे कळल्यावर काही घरांतून असे परदेशी सुके मेवे आले की मला त्यांची नावंही येईनात. डबेही पारदर्शक नकोत म्हणून मुद्दाम मागवलेले, नक्षीचे. चिंचोके तर पाच जणींनी आणले, त्यातल्या दोघींचे चॉकलेट लावलेले. दुर्गाबाईंनी ते हातात घेऊन पाहिले आणि नत्थुजींना दाखवायला एक पदराला बांधून नेला.

खुशीचा डबा यंदा पहिला होता. सकाळी सगळे डबे माझ्या टेबलावर आणून ठेवले होते, क्रमांक चिकटवून. ऑफिसात कुणी नव्हतं. मी एक क्रमांकाचा डबा उचलून कानाशी धरला आणि हलवला. काहीतरी सरकलं, थांबलं, मग पुन्हा सरकलं. चिंचोके नव्हते. फुटाणे नव्हते. मी पुन्हा हलवला.

"बडेबाबू," दारातून आवाज आला, "डबा ठेवा खाली. एक वाजता सगळ्यायसंगच ओळखा."